शनिवारचा खाऊ

वाटूरच्या हायस्कुलात मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यानं फार जणांचं भलं झालं असा माझा दावा नाही, पण वाईटही कुणाचं झालं नव्हतं. ते मी रिटायर झाल्यावर झालं, एका पत्रामुळं. आणि झालं तेही माझ्या आवडत्या विद्यार्थिनीचं. लाज वाटते, पण सांगते.

रूपाली पुंजाराम खरात. दहावीला तिला इंग्रजीत सत्तेचाळीस मार्क पडले आणि त्यातले तोंडी परीक्षेचे माझ्या दयेचे होते, हे मी तिला कैकदा ऐकवलेलं आहे. पुढं बारावीच्या नादी न लागता ती जालन्याच्या आयटीआयला वेल्डिंग शिकायला गेली. तुकडीत वीस पोरं आणि ही एकटी. पास झाली आणि आमच्या फाट्यावर धर्मराजभाऊंच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेरणी यंत्रं, वखराच्या पासा, मोडकं जे येईल ते जोडायचं. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक म्हणायचं, "पोरीला हात लावू देऊ नका." चौथ्या वर्षी मंठ्याहून, परतूरहून ट्रॉल्या यायला लागल्या आणि ट्रॉलीवाले म्हणायला लागले, "जोड पोरीच्याच हातचा पाहिजे, न्हाईतर थांबतो." धर्मराजभाऊ ते ऐकून मिशीत हसायचे. अशी आठ वर्षं गेली.

आठव्या वर्षी रूपालीनं डोकं चालवलं. ऑस्ट्रेलियात एक कारखाना आहे, गव्हाच्या मोठ्या शेतीसाठी पेरणी यंत्रं आणि ट्रॉल्या बनवतो. त्यांना वेल्डर पाहिजे होते. हिनं आपल्या कामाचे व्हिडिओ काढून पाठवले. त्यांनी दोनदा फोनवर मुलाखत घेतली. मग छत्रपती संभाजीनगरला एका तपासणी केंद्रात हिच्याकडून लोखंडाच्या पट्ट्या जोडून घेतल्या, त्या वाकवल्या, कापल्या, आत भेग आहे का पाहिलं. भेग नव्हती. कारखानदारानं कळवलं, आम्ही तुला बोलावतो.

बोलावतो म्हणजे नुसतं या म्हणून चालत नाही. तिकडची रीत अशी की कारखान्यानं आधी सरकारला सांगायचं, या कामाचं माणूस आम्हाला इथं मिळत नाही, ही बाई पाहिजे, तिची जबाबदारी आमची. ते कारखान्यानं केलं. मग सरकार म्हणतं, ठीक आहे, पण ती खरोखरची कारागीर आहे आणि एवढी वर्षं पगारावर काम केलेली आहे हे आमच्या तपासणाऱ्या संस्थेला पटवा. मग व्हिसा. म्हणजे अडलं होतं ते एका अनुभवाच्या पत्रावर. मालकाचं पत्र, मालकाची सही.

धर्मराजभाऊंनी ते पत्र मला लिहायला सांगितलं. इंग्रजीचं काम वाटूरमध्ये दुसऱ्या कुणाकडं जाणार? वर्कशॉपसमोर बाजेवर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"लिव्हा मॅडम. ही पोरगी माझ्याकडं नोकर म्हनून कव्हाच न्हवती. माझ्या प्रीतीत अन् हिच्यात म्या फरक केला न्हाई. हिनं घड्याळ पाह्यलं न्हाई, दुकान आपलं घर समजून केलं. लेक हाय ती या घरची."

प्रीती म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन पुण्याला असते. मला हे सगळं फार आवडलं. इतक्या वर्षांत मला इंग्रजीत रजेचे अर्ज सोडून काही लिहायला मिळालं नव्हतं. मी कंबर कसली. ती कधीच नोकर नव्हती, ती या घराची कन्या आहे, असं सगळं लिहिलं आणि शेवटी, तिनं इथं जे श्रम केले ते 'आउट ऑफ लव्ह अँड अफेक्शन', हे शब्द टाकले. टाकले आणि मीच माझ्यावर खूश झाले. पत्र दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. धर्मराजभाऊंनी डोळे पुसले आणि सही केली.

तीन आठवड्यांनी रूपाली माझ्या दारात उभी राहिली. हातात एक छापलेला कागद. मी पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचं इंग्रजी त्यांना चांगलं समजलं."

कागद मी वाचला. तपासणाऱ्या संस्थेनं लिहिलं होतं की अर्जदार मालकाच्या कुटुंबातली दिसते. ती कधीच नोकर नव्हती असं मालक स्वतःच म्हणतो. घरच्यांनी घरात केलेली मदत आम्ही नोकरीचा अनुभव धरत नाही. शिवाय बँकेच्या कागदावर दर शनिवारी जी रक्कम जमा झालेली आहे, तिच्यापुढं प्रत्येक वेळी 'खाऊ' असा शब्द आहे, तो काय आहे ते सांगावं. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करावा आणि मालकानं व्हिडिओवर मुलाखत द्यावी. नाही पटलं तर अर्ज बंद.

"हे खाऊ काय आहे गं?"

"काका फोनवरून पगार टाकतात ना, तिथं कशासाठी म्हनून लिहायची जागा असते. ते खाऊ लिहितात. पहिल्यापासून." ती थांबली. "म्या एकदा म्हनलं, काका, पगार लिव्हा. तर म्हने, लेकीला काय पगार देतेत का?"

चूक त्यांची एक आणि माझ्या दोन. त्यांनी मायेनं सांगितलं, मी ते फुलवून लिहिलं, आणि मी तर शिकलेली बाई. एकदा तरी विचारायचं होतं की हे पत्र आहे कशासाठी. कारखाना अठ्ठावीस दिवस जागा धरून ठेवणार होता, त्यापुढं नाही, हेही तिनं सांगितलं. मी चप्पल घातली आणि तिला घेऊन फाट्यावर गेले.

धर्मराजभाऊंना मी समजावून सांगितलं. पत्र बदलायचं आहे. त्यात रूपाली कामगार आहे, तुम्ही मालक आहात, पगार देता, एवढंच लिहायचं. बाकी काही नाही.

ते उठून उभेच राहिले.

"म्हंजी म्या खोटं लिव्हू? माझ्या घरात पंगतीला जेवती ती. माझी बायकू गोजर तिला लुगडं घेती दिवाळीला. अन् म्या लिव्हू की ही नोकर हाय? बिलकुल न्हाई! त्या गोऱ्यांना काय कळती माया?"

"भाऊ, मायेचा प्रश्न नाही..."

"मंग कशाचा हाय?"

"माझा हाय, काका," रूपाली म्हणाली.

तिनं हातमोजे काढून ऐरणीवर ठेवले. आठ वर्षांत त्या पोरीनं वर्कशॉपमध्ये आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही.

"तुमी माया केली, ती म्या नाकारीत न्हाई. पर लेकीनं केलं तर त्याला काम म्हनत न्हाईत कुनी. गिऱ्हाईक इचारायचं, जोड कुनी मारला, तर तुमी सांगायचे, आमची पोरगी हाय, हात लावती जराशी. जराशी, काका? सकाळी नऊपासून दिवाबत्तीपर्यंत जराशी? प्रीतीताईला तुमी लेक म्हनता, तिच्या डिग्रीवर तिचं नाव हाय. माझं नाव कुठं हाय?"

"पोरी, तू..."

"माझ्या बापालाबी तुमच्या वडलांनी घरचाच मानूस म्हनलं. वीस वर्षं सालगडी होता त्यो तुमच्या शेतावर. घरचाच मानूस, अन् कप गोठ्यातल्या कोनाड्यात. तुमी तसे न्हाईत, मला म्हाईत हाय. पर एक कागद त्याच्याकडं न्हाई, की ह्या मानसानं वीस वर्षं काम केलं. मला कागद पाहिजे. मी तुमची लेक न्हाई, काका. मी तुमची वेल्डर हाय."

धर्मराजभाऊ भिंतीवरचा टॉवेल खांद्यावर टाकून शेताकडं निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस सही करायचा नाही. खरं सांगते, मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. आयुष्यात एक गोष्ट मनापासून चांगली केली असं त्यांना वाटत होतं, आणि तीच चुकीची निघाली होती.

पुढचे पाच दिवस असेच गेले. रूपाली रोज नऊला यायची, काच डोळ्यांपुढं धरायची, काम करायची, जायची. ते बाजेवर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. तिचे अठ्ठावीस दिवस मी कॅलेंडरवर खोडत होते. तेवीस राहिले होते.

गाठ सोडवली ती गोजरबाईंनी, म्हणजे धर्मराजभाऊंच्या बायकोनं. त्यांनीच नंतर मला सांगितलं. जेवायला वाढता वाढता त्यांनी विचारलं, "आपल्या प्रीतीनं एक दिस तरी रॉड धरला का हातात?"

"तिला काय गरज?"

"हां. मंग हिला प्रीतीसारखी कामून म्हनता? प्रीती शिकली, तिच्या वाटंनं गेली, तुमी पेढे वाटले. हिची वाट आली तर तुमी आडवे. लेक म्हनता अन् लेकीवानी पाठवत बी न्हाईत."

धर्मराजभाऊ अर्ध्या ताटावरून उठले. गोजरबाई म्हणाल्या, राहिलेली भाकरी मी खाल्ली, टाकायची कशाला.

शनिवारी सकाळी मला त्यांचा फोन आला. "मॅडम, कागद घेऊन या. अन् या टायमाला सोपं लिव्हा."

मी सोपं लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात रुक्ष पत्र. रूपाली पुंजाराम खरात, वेल्डर, अमुक तारखेपासून, आठवड्याला सहा दिवस, इतके तास, ही ही कामं, पगार दर शनिवारी. सहा ओळी. एक विशेषण नाही. त्यांनी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घेतला आणि मग सही केली. आधीचं पत्र का लिहिलं गेलं त्याचा खुलासा मी वेगळा लिहिला, माझ्या सहीनं. त्यात चूक माझी आहे असं स्वच्छ लिहिलं. कठीण गेलं, पण लिहिलं.

राहिली मुलाखत. संस्था दुभाषी द्यायला तयार होती. धर्मराजभाऊ म्हणाले, नको. "इतके दिवस दुसऱ्याच्या तोंडून बोललो, त्याचाच घोळ झाला. माझं मी बोलतो." त्यांचं इंग्रजी म्हणजे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेवरचं. दहा दिवस मी त्यांची शिकवणी घेतली. असा विद्यार्थी मला जन्मात भेटला नव्हता. घोकून ये म्हटलं की घोकून यायचे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी विचारायचे, "यात माया तर न्हाई ना आली कुठं?"

मुलाखत सकाळी साडेसातला होती, तिकडं दुपार. फोन ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर टेकवून ठेवला. गोजरबाईंनी शेजारची पिठाची गिरणी अर्धा तास बंद करवली. गिरणीवाला कुरकुरला तेव्हा म्हणाल्या, तुझं दळण मी हातानं दळून देते, पण आता बस गप. रूपाली आणि तिचे वडील पुंजाराम बाहेर रस्त्यावर थांबले होते. मला आत थांबू दिलं, पण फोनपासून लांब, आणि तोंड उघडायचं नाही या अटीवर. माझ्यासाठी ही शिक्षाच होती.

फोनवर करड्या केसांच्या एक बाई आल्या. धर्मराजभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी आधी वर्कशॉप विचारलं, मशीन विचारल्या, रूपाली कुठली कामं करते ते विचारलं. ते अडखळत, पण बरोबर सांगत गेले. मग बाईंनी विचारलं, "रूपाली तुमची कोण लागते?"

त्यांचं तोंड उघडं राहिलं. दहा दिवस घोकलेलं वाक्य. मी पदर तोंडात धरला.

"शी इज नॉट माय डॉटर," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "हर फादर, पुंजाराम. माय फादर्स फार्म, पुंजाराम वर्क ट्वेंटी इयर्स. नो पेपर. रूपाली, एट इयर्स. आय अ‍ॅम ओनर. शी इज वेल्डर."

पुंजारामाचं नाव मी शिकवलेल्या वाक्यात नव्हतं.

"आणि खाऊ म्हणजे काय?"

"खाऊ मीन्स स्वीट. फॉर चिल्ड्रन." त्यांनी मान हलवली. "बट धिस, नो स्वीट. धिस इज सॅलरी. शी वर्क, आय पे. आय रोट राँग. माय मिस्टेक, मॅडम."

बाई काहीतरी लिहीत होत्या. वर न बघता त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, "तिचं काम कोण तपासतं?"

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता. धर्मराजभाऊंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. मग ते हसले, त्या महिन्यात पहिल्यांदाच.

"बिफोर, आय चेक. नाऊ, शी चेक माय वर्क."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "थँक यू, सर," त्या म्हणाल्या. "दॅट वॉज व्हेरी क्लिअर."

चौतीस वर्षांत माझ्या इंग्रजीला कुणी व्हेरी क्लिअर म्हटलेलं नाही. पण मला इतका आनंद झाला की फोन बंद होताच मी टाळ्या वाजवल्या, आणि गिरणीवाल्याला वाटलं, सुरू करायला सांगतात. त्यानं गिरणी सुरू केली. त्या खडखडाटात धर्मराजभाऊ बाहेर गेले आणि पुंजारामासमोर उभे राहिले.

"पुंजारामभाऊ, आत या. चहा टाकलाय."

ते त्याला आयुष्यभर पुंजारामा म्हणत आले होते. पुंजाराम आत आला, बाजेवर बसला. गोजरबाईंनी चहा दिला, सगळ्यांना दिला त्याच कपांत. मी पाहिलं, आणि रूपालीनंही पाहिलं.

बाराव्या दिवशी संस्थेचं उत्तर आलं. अनुभव मान्य. आठच्या आठ वर्षं. अडीच महिन्यांनी व्हिसाचं पत्र आलं तेव्हा रूपाली ते घेऊन आधी माझ्याकडं नाही, थेट वर्कशॉपमध्ये गेली. मी बातमी ऐकून धावत पोचले तर फाट्यावर नुसता गोंधळ. मंठ्याचे दोन ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. रूपालीची आई कौसल्या येईल त्याच्या तोंडात पेढा कोंबत होती. पुंजारामानं मला बाजूला घेतलं आणि पत्र पुढं केलं.

"मॅडम, यात तिचं काम काय लिव्हलंय, तेवढंच वाचा."

"वेल्डर," मी वाचलं.

"अजून एक डाव."

मी तीन वेळा वाचलं. त्यानं पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, आणि मग आठवण झाली तशी परत काढून लेकीच्या हातात दिली. "तुझं हाय. माझ्याकडं कामून ठिवू?"

निघायचा दिवस शनिवार होता. जालन्याला जायला जीप सांगितली होती, पुढं मुंबई, मग विमान. सामान चढलं. कौसल्या डोळे पुसत होती आणि कुणी विचारलं की म्हणत होती, धूर गेला डोळ्यांत. गोजरबाईंनी लाडवांचा मोठा डबा रूपालीच्या मांडीवर ठेवला.

"इमानात घेतेत का न्हाई, ते तू बघ. मुंबईपर्यंत तरी खा."

धर्मराजभाऊ मात्र पुढं आले नव्हते. आत ड्रिलिंग मशीनपाशी चष्मा लावून फोनवर काहीतरी करत होते. ड्रायव्हर घाई करायला लागला. तेवढ्यात रूपालीचा फोन वाजला. तिनं पाहिलं आणि फोन माझ्याकडं दिला.

"मॅडम, आबाला वाचून दाखवा."

शेवटच्या आठवड्याची रक्कम आली होती, नेहमीसारखी शनिवारी. पुढच्या जागेत इंग्रजी अक्षरं होती. मी पुंजारामाला वाचून दाखवली: "पगार. रूपाली खरात, वेल्डर."

रूपाली जीपमधून खाली उतरली. धर्मराजभाऊ दाराशी येऊन थांबले होते, फोन अजून हातातच. दोघंही काही पावलांवर उभे.

"बराबर लिव्हलंय का?" त्यांनी विचारलं.

"बराबर हाय, काका."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "मंग आता... आता लेक म्हनलं तर चालंल का?"

गोजरबाईंचा डबा रूपालीनं छातीशी धरला होता. तिनं पुढं होऊन त्यांचा हात धरला, तोच हात ज्यानं या वर्कशॉपमध्ये तिला पहिला रॉड धरायला दिला होता.

"आता चालंल," ती म्हणाली.